गोव्यात आलेली पहिली दुर्बीण

छोटी दुर्बीण ही आता सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातील वस्तू झाली आहे. एके काळी राजेरजवाड्यांच्या आणि विद्यापीठांच्या दालनांत दिसणारे हे उपकरण आज पिशवीत घालून शेतावर, समुद्रकिनारी किंवा चर्चच्या आवारात नेता येते. आमच्या धर्मग्रामातील युवकांनीही वर्गणी काढून सत्तर मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची एक दुर्बीण विकत घेतली. ती तिवईवर चढवण्याचे काम चालू असताना एका महाविद्यालयीन तरुणाने सर्वांदेखत आम्हांस विचारले, “फादर, अशाच नळीतून आकाश पाहिले म्हणून ख्रिस्तसभेने गॅलिलिओला शिक्षा केली ना? मग ही नळी आज चर्चच्या अंगणात कशी?”

प्रश्नात उद्धटपणा नव्हता. शाळेत आणि व्याख्यानांत त्याने जे ऐकले होते तेच तो बोलत होता. आपल्यापैकी पुष्कळांची समजूत याहून वेगळी नाही. दुर्बीण एका बाजूला आणि धर्मगुरू दुसऱ्या बाजूला, असे एक चित्र आपल्या मनात कायमचे टांगलेले आहे. या चित्रात सत्याचा अंश आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. परंतु संपूर्ण इतिहास एवढाच नाही. आकाश पाहणारी दुर्बीण भारताच्या भूमीवर प्रथम कोणी आणली, हे पाहू गेल्यास ती आपल्या शेजारच्या गोव्यात आणि तीही धर्मगुरूंच्याच सामानातून उतरलेली दिसते. हा इतिहास आपल्या कुटुंबांना ठाऊक असावा, या हेतूने हे चार शब्द लिहीत आहोत.

दुर्बिणीचा जन्म चष्मे करणाऱ्यांच्या दुकानातला. हॉलंडमधील मिडलबर्ग गावचा चष्मेवाला हान्स लिपरहे याने १६०८ च्या ऑक्टोबरात आपल्या सरकारकडे अर्ज केला, की दूरच्या वस्तू जवळ दाखवणारे एक साधन आपण तयार केले आहे, तरी त्याचा एकाधिकार आपणांस मिळावा. ही युक्ती इतरांनाही अवगत आहे असे आढळल्यामुळे एकाधिकार काही मिळाला नाही, पण बातमी युरोपभर पसरली. पादुआ येथे गणित शिकवणाऱ्या गॅलिलिओ गॅलिली यांच्या कानी ती १६०९ साली गेली. त्यांनी स्वतः भिंगे घासली, आधी तिप्पट, मग आठपट आणि वर्ष संपण्याच्या सुमारास वीसपट मोठे दाखवणारी नळी तयार केली आणि ती आकाशाकडे वळवली.

ही नळी आजच्या मानाने किती साधी होती, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. त्यांची एक दुर्बीण फ्लोरेन्सच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे. तिची लांबी मीटरभराहून थोडी कमी आहे. पुढच्या बहिर्गोल भिंगाचा व्यास ३७ मिलिमीटर असला, तरी भिंगाच्या कडेने येणारी प्रतिमा धूसर होत असल्यामुळे त्यावर झाकण बसवून मधला १५ मिलिमीटरचाच भाग उघडा ठेवलेला आहे. डोळ्याकडचे भिंग अंतर्गोल असल्यामुळे एका वेळी चंद्राचाही पुरता गोळा दिसत नसे. एवढ्याशा साधनाने त्यांना चंद्रावरचे डोंगर दिसले. ७ जानेवारी १६१० रोजी गुरू ग्रहाच्या शेजारी तीन बारीक तारे एका ओळीत दिसले, दोन पूर्वेला आणि एक पश्चिमेला. दुसऱ्या रात्री तिन्ही पश्चिमेला गेले होते. १३ तारखेला चौथाही दिसला. हे तारे गुरूभोवती फिरणारे त्याचे चंद्र आहेत, हा निष्कर्ष त्यांनी त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात व्हेनिसमध्ये छापलेल्या एका छोट्या लॅटिन पुस्तकात जगापुढे मांडला.

आता रोमकडे वळू. तेथे येशूसंघाचे मोठे महाविद्यालय होते आणि त्यातील गणिताचे आचार्य होते फादर क्रिस्टोफर क्लाव्हियस. आपल्या घराघरांत जी दिनदर्शिका भिंतीवर लटकते, ती पोप ग्रेगरी तेरावे यांनी १५८२ साली सुधारून दिलेली असून तिचे गणित समजावून देण्याचे आणि तिची बाजू मांडण्याचे काम याच क्लाव्हियस यांनी केले. १६१० साली त्यांचे वय सत्तरीच्या पुढे गेले होते. गॅलिलिओंचे वृत्त ऐकून त्यांना हसू आले. गुरूचे चंद्र दिसायचे असतील तर आधी ते निर्माण करणारी भिंगे बनवावी लागतील, असे ते म्हणाल्याचे गॅलिलिओंच्या एका चित्रकार मित्राने त्यांना ऑक्टोबरात कळवले.

थोरामोठ्या विद्वानाने असे उद्गार काढल्यावर बहुतेक ठिकाणी विषय तेथेच संपला असता. रोमच्या महाविद्यालयात तो संपला नाही. फादर जोव्हान्नी पाओलो लेंबो हे हाताने कुशल होते. त्यांनी स्वतः दुर्बिणी तयार केल्या. व्हेनिसच्या एका व्यापाऱ्यानेही एक चांगली दुर्बीण पाठवून दिली. महाविद्यालयातील धर्मगुरूंनी रात्रीमागून रात्री गुरूकडे पाहिले, ताऱ्यांच्या जागा कागदावर उतरवल्या आणि त्या बदलतात अशी खात्री करून घेतली. डिसेंबर १६१० मध्ये वृद्ध क्लाव्हियस यांनी स्वतः गॅलिलिओंना पत्र लिहून कळवले की, आम्हीही ते चंद्र पाहिले आहेत. हसणाऱ्याने स्वतः पाहिले आणि पाहिल्यावर आपले मत बदलले. आमच्या मते दुर्बिणीच्या इतिहासातील हा अतिशय गौरवाचा क्षण आहे.

पुढच्या वर्षी, १९ एप्रिल १६११ रोजी, कार्डिनल बेलार्मिन यांनी (१९३० साली त्यांना संतपद देण्यात आले) या महाविद्यालयातील गणितज्ञांना एक पत्र धाडले. आपण स्वतःही त्या साधनातून चंद्राविषयी आणि शुक्राविषयी काही अद्भुत गोष्टी पाहिल्या आहेत असे सांगून त्यांनी पाच प्रश्न विचारले. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे असंख्य तारे आहेत हे खरे काय? शनी हा एकच तारा नसून तीन जोडलेले आहेत काय? शुक्राला चंद्राप्रमाणे कला आहेत काय? चंद्राचा पृष्ठभाग खडबडीत आहे काय? गुरूभोवती चार तारे फिरतात काय? क्लाव्हियस, ग्रीनबर्गर, मालकोट आणि लेंबो या चौघांनी पाच दिवसांत उत्तर दिले. पाचही गोष्टी दिसतात, असे त्यांनी कळवले. मात्र चंद्राच्या बाबतीत फादर क्लाव्हियस यांना पृष्ठभाग खडबडीत आहे असे वाटत नाही, चंद्राची घनता सर्वत्र सारखी नसावी असे त्यांचे मत आहे, हीही नोंद त्यांनी केली. क्लाव्हियस यांचे हे मत पुढे चुकीचे ठरले. तरी एकाच पत्रात सहमती आणि मतभेद दोन्ही प्रांजळपणे लिहिणारी ही माणसे कोणत्या घडणीची होती, ते यावरून दिसते.

याच महिन्यात रोममध्ये आणखी एक घटना घडली. १४ एप्रिल रोजी फेदेरिको चेझी या सरदाराने गॅलिलिओंच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. तेथे या नळीला ‘टेलिस्कोप’ हे नाव जाहीरपणे मिळाले. ‘दूर’ आणि ‘पाहणे’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून एका ग्रीक पंडिताने ते घडवले होते. आपला ‘दुर्बीण’ हा शब्द फारसीतून आला आणि त्याचाही अर्थ दूरचे पाहणारी असाच होतो. त्या मेजवानीला योहान श्रेक नावाचा एक जर्मन वैद्य हजर होता. वनस्पतीशास्त्र, गणित आणि भाषा या तिन्हींत तो पारंगत होता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्याने येशूसंघात प्रवेश केला. टेरेन्शियस या लॅटिन नावाने तो इतिहासात ओळखला जातो. या नावाशी आपली पुन्हा गाठ पडणार आहे.

बातमी तोवर आपल्या देशापर्यंत येऊन पोहोचली होती. फादर अंतोनियो रुबिनो हे इटालियन मिशनरी त्या काळी दक्षिण भारतात काम करत होते. युरोपहून येणारी पत्रे वर्षातून एकदाच, जहाजांबरोबर येत. तरीही १६१२ साली रुबिनो यांनी रोमला फादर ग्रीनबर्गर यांना लिहिले, की दूरच्या वस्तू स्पष्ट दाखवणारे एक नवे भिंगाचे साधन निघाल्याचे आपण ऐकतो, तरी तसे एखादे पाठवावे, आणि ते शक्य नसेल तर निदान ते कसे करायचे याची रीत आकृतीसह कळवावी, कारण इकडे कुशल कारागिरांना तोटा नाही. हे पत्र वाचताना मन हेलावते. दुर्बिणीसाठी भारतातून झालेली ही ‘मागणी’ युरोपात तिचा शोध लागून पुरती चार वर्षे झाली असताना लिहिलेली आहे. मागणारा आपल्या कामात गढलेला एक धर्मगुरू आहे आणि इथल्या कारागिरांच्या हातांवर त्याचा पूर्ण विश्वास आहे.

ही विद्या युरोपच्या किनाऱ्यावर जहाजांच्या अधिक जवळ आली ती लिस्बनमध्ये. रोमला दुर्बिणी करणारे फादर लेंबो १६१५ ते १६१७ या काळात लिस्बनच्या येशूसंघीय महाविद्यालयात शिकवत होते. दुर्बीण कशी तयार करावी हे त्यांनी आपल्या पाठांत समाविष्ट केले होते. पूर्वेकडे निघणारी पोर्तुगीज जहाजे याच शहरातून सुटत. गोवा, वसई, कोचीन, मकाव अशी त्यांची वाट होती. आपल्या वसईच्या किल्ल्यातही त्या काळी येशूसंघीयांचे महाविद्यालय नांदत होते. तेथपर्यंत पोहोचणाऱ्या प्रत्येक मिशनऱ्याच्या प्रवासाचा आरंभ लिस्बनच्या धक्क्यावरच होत असे.

१६१८ च्या एप्रिलमध्ये फादर निकोलस त्रिगो यांच्या नेतृत्वाखाली चीनकडे जाणाऱ्या येशूसंघीयांचा एक मोठा जथा लिस्बनहून निघाला. चीनच्या दरबारात पंचांगाला फार मान होता, म्हणून या जथ्यात ज्योतिर्गणित जाणणारी माणसे मुद्दाम निवडलेली होती. त्यांत टेरेन्शियस होते, बोहेमियातील काडान गावचे व्हेन्सेस्लाउस किर्वित्झर होते, पुढे पेकिंगमध्ये नाव काढणारे आडाम शाल आणि जाकोमो रो हेही होते. पुस्तकांच्या पेट्यांबरोबर उपकरणेही होती. आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या त्या प्रवासात तापाने काही सोबती दगावले. उरलेले ऑक्टोबरच्या आरंभी गोव्यास लागले. आज आपण ज्या बॉम जेझूच्या बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला जातो, ते मंदिर तेव्हा अवघे तेरा वर्षांचे होते आणि खुद्द झेवियरना संतपद मिळण्यास अजून चार वर्षे अवकाश होता.

पुढच्या जहाजाची वाट पाहत हे धर्मगुरू गोव्यात थांबले असताना आकाशात एक दुर्मीळ घटना घडली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटेच्या वेळी पूर्वेकडे एक लांबच लांब प्रकाशाचा पट्टा दिसू लागला. तो होता धूमकेतूचा पिसारा. महिना संपण्यापूर्वी दुसरा, त्याहून तेजस्वी धूमकेतू उगवला. किर्वित्झर, टेरेन्शियस आणि त्यांच्या सोबत्यांनी दोन्हींची पद्धतशीर निरीक्षणे केली आणि त्यासाठी दुर्बिणीची नळीही वापरली. कोचीन येथून फादर रुबिनो यांनीही, म्हणजे सहा वर्षांपूर्वी दुर्बीण मागणाऱ्या त्याच गृहस्थांनी, हे धूमकेतू पाहिले. किर्वित्झर यांनी ही सर्व निरीक्षणे लॅटिन भाषेत लिहून युरोपला धाडली आणि १६२० साली जर्मनीत ती पुस्तिकारूपाने छापली गेली. भारतभूमीवर दुर्बिणीतून आकाश पाहिल्याची आजवर ज्ञात असलेली सर्वांत जुनी नोंद ती हीच.

त्याच पहाटे आणखी एक जण आकाशाकडे पाहत होता. बादशहा जहांगीर गुजरातहून आग्र्याकडे परतत होता. प्रथम खांबासारखी उजळ वाफ आणि मग काही रात्रींनी त्याच दिशेला पिसाऱ्याचा तारा, असे वर्णन त्याने आपल्या आत्मचरित्रात करून ठेवले आहे. दिल्लीच्या तख्ताचा धनी नुसत्या डोळ्यांनी, आणि गोव्यातले काही परदेशी धर्मगुरू एका नळीने, तोच धूमकेतू पाहत होते. दोघांच्याही नोंदी आज अभ्यासकांना सारख्याच मोलाच्या वाटतात.

गॅलिलिओ त्या वेळी काय करत होते? ते आजारी होते. सांधेदुखीने बिछान्याला खिळल्यामुळे १६१८ चे धूमकेतू त्यांना नीट पाहता आले नाहीत. रोमच्या महाविद्यालयातील फादर ओराझिओ ग्रास्सी यांनी निरनिराळ्या ठिकाणच्या निरीक्षणांची तुलना करून १६१९ साली सांगितले, की धूमकेतू चंद्राच्याही पलीकडे आहेत. गॅलिलिओंनी त्यांच्यावर तुटून पडत असा तर्क मांडला, की धूमकेतू ही खरी वस्तू नसून वर चढलेल्या वाफेवर पडलेल्या प्रकाशाचा खेळही असू शकेल. आज आपण जाणतो, की या एका मुद्द्यावर ग्रास्सी सत्याच्या अधिक जवळ होते. गॅलिलिओंचा १६२३ चा वादग्रंथ तरीही विज्ञानाच्या पद्धतीविषयीच्या विवेचनामुळे थोर मानला जातो. त्यांचे मोठेपण यत्किंचितही कमी करण्याचा आमचा हेतू नाही. एवढेच दाखवायचे आहे, की पाहण्याआधी बोलण्याचा मोह पंडितांनाही सुटत नाही, मग तो पंडित धर्मगुरू असो वा वैज्ञानिक.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळले पाहिजे. दुर्बिणीतून पाहिले म्हणून गॅलिलिओंना शिक्षा झाली नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे मत धरल्याबद्दल आणि प्रसृत केल्याबद्दल ती झाली. खुद्द बेलार्मिन यांनी १६१५ च्या एका पत्रात मान्य केले होते, की याचा खरा पुरावा मिळाला तर पवित्र शास्त्रातील वचनांचा अर्थ लावताना आपल्याला फार जपून वागावे लागेल. नक्षत्रांच्या जागांतील सूक्ष्म बदल मोजून मिळणारा पुरावा १८३८ साली हाती आला. परंतु पुरावा अपुरा होता या सबबीवर १६१६ साली कोपर्निकसच्या ग्रंथावर बंदी घालणे आणि २२ जून १६३३ रोजी एकोणसत्तर वर्षांच्या वृद्धाला गुडघ्यांवर बसवून आपले मत मागे घ्यायला लावणे न्याय्य ठरत नाही. पुढची आठ वर्षे, मरेपर्यंत, गॅलिलिओ नजरकैदेत राहिले. ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांनी येथे अन्याय केला आणि निसर्गाच्या प्रश्नाचा निकाल शास्त्रवचनांच्या शब्दार्थाने लावला. त्यांचा ग्रंथ निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून १८३५ साली गळला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी विज्ञान अकादमीपुढे बोलताना त्या काळच्या ईशज्ञान्यांची चूक स्पष्ट शब्दांत मान्य केली. हे सर्व आपण मान खाली न घालता, पण डोळे उघडे ठेवून आपल्या मुलांना सांगितले पाहिजे.

आणि त्याबरोबर हेही सांगितले पाहिजे, की त्या काळोख्या वर्षांतही आपल्याच घरातील काही माणसे नळीला डोळा लावून बसली होती. गोव्याहून चीनला गेलेल्यांपैकी किर्वित्झर १६२६ साली मकावमध्ये निवर्तले. त्याच वर्षी आडाम शाल यांनी चिनी भाषेत दुर्बिणीवर एक पुस्तक लिहिले. टेरेन्शियस यांनी चीनहून आपल्या गणिती अडचणी युरोपला लिहून पाठवल्या. त्यांना केप्लर या प्रॉटेस्टंट खगोलज्ञाने आपुलकीने उत्तर दिले आणि १६३० साली ते छापले, परंतु त्याच वर्षी टेरेन्शियस पेकिंगमध्ये प्रभूकडे गेले. रुबिनो यांना १६४३ साली जपानमधील नागासाकी येथे विश्वासासाठी हौतात्म्य आले. ज्या हातांनी दुर्बीण मागणारे पत्र लिहिले, ते हात अखेर छळकांच्या दोरखंडात बांधले गेले. विश्वास आणि जिज्ञासा एकाच अंतःकरणात नांदू शकतात काय, असे विचारणाऱ्याला रुबिनो यांचे नाव सांगावे.

ही परंपरा भारतात पुढेही चालली. फादर ज्याँ रिशो हे फ्रेंच येशूसंघीय १६८७ साली सयामला गेले. तेथील राज्यक्रांतीमुळे त्यांना तो देश सोडावा लागला आणि ते पाँडिचेरीत आले. १६८९ च्या डिसेंबरात एक धूमकेतू पाहत असताना त्यांची दुर्बीण नरतुरंग तारकासमूहातील ‘मित्र’ या ठळक ताऱ्यावरून गेली. हा एक तारा नसून एकमेकांच्या अगदी निकट असलेले दोन तारे आहेत, असे त्यांना दिसले. सूर्यानंतर आपल्याला सर्वांत जवळ असलेली ही तारकांची वस्ती, सुमारे साडेचार प्रकाशवर्षे दूर. तिचे जोडपण मानवाला प्रथम कळले ते भारताच्या पूर्व किनाऱ्यावरून. रिशो १६९३ साली पाँडिचेरीतच वारले. मे महिन्याच्या रात्री आपल्या किनाऱ्यावरून दक्षिण क्षितिजाच्या थोडे वर हा तारा दिसतो. साध्या दुर्बिणीतून त्याचे दोन तारे आपणही वेगळे करू शकतो.

ज्या कुटुंबांना किंवा धर्मग्रामांना दुर्बीण घ्यावीशी वाटेल, त्यांच्यासाठी आमच्या युवकांच्या अनुभवावरून दोन शब्द लिहितो. खोक्यावर शेकडो पटींचे जे आकडे छापलेले असतात, त्यांना भुलू नये. महत्त्व पुढच्या भिंगाच्या व्यासाला असते. व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपेक्षा अधिक वर्धन केल्यास प्रतिमा नुसती फुगते आणि अंधूक होते. सत्तर मिलिमीटरचे भिंग गॅलिलिओंच्या त्या १५ मिलिमीटरच्या उघड्या भागाच्या सुमारे वीसपट प्रकाश गोळा करते. भिंगाचे केंद्रांतर ७०० मिलिमीटर असेल, तर पंचवीस मिलिमीटरच्या नेत्रभिंगाने अठ्ठावीसपट आणि दहा मिलिमीटरच्याने सत्तरपट मोठे दिसते. आरंभाला एवढे पुरेसे आहे. तिवई भक्कम हवी. ती लटपटली तर गुरूही डोळ्यापुढे नाचू लागतो. नळीवरची शोधक दुर्बीण दिवसाउजेडी दूरच्या एखाद्या माडाच्या शेंड्यावर जुळवून घ्यावी. प्रतिमा उलटी दिसली तर घाबरू नये, आकाशात वर आणि खाली सारखेच. सूर्याकडे मात्र ही नळी कधीही वळवू नये, क्षणार्धात डोळा कायमचा जाईल. मुलांना एकटे सोडू नये, ते याच कारणासाठी.

चंद्र पौर्णिमेला पाहण्यापेक्षा अष्टमीच्या सुमारास पाहावा. त्या वेळी उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर डोंगरांच्या सावल्या लांब पडतात आणि विवरे उठून दिसतात. कृत्तिकांचा पुंजका, मृगातील तेजोमेघ, शुक्राच्या कला आणि शनीचे कडे हीही लहान दुर्बिणीची हक्काची दृश्ये होत. आमच्या युवकांनी हिवाळ्यातील चार रात्री धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना गुरू दाखवला आणि प्रत्येकाला एका कागदावर गोल काढून शेजारचे ठिपके मांडायला सांगितले. चौथ्या रात्री कागद एकापुढे एक ठेवल्यावर कोणी काही सांगण्याआधीच एक मुलगी म्हणाली, “हे त्याच्याभोवती फिरतात.” पादुआत १६१० साली जे घडले, ते आमच्या अंगणात पुन्हा घडले. पुस्तकातील एक वाक्य त्या मुलीचे स्वतःचे झाले.

आपल्या महाराष्ट्रात हौशी आकाशनिरीक्षकांची परंपरा जुनी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली स्थापन झाली. अशा मंडळींची आकाशदर्शने होत असतात. त्यांना आपल्या गावात निमंत्रण द्यावे, आपणही त्यांच्याकडे जावे. या कामात जात, धर्म, पंथ आड येत नाही. केप्लर आणि टेरेन्शियस यांच्यातही तो आला नव्हता.

त्या तरुणाला आम्ही जे उत्तर दिले त्याचे सार असे. ख्रिस्तसभेच्या इतिहासात दुर्बिणीविषयी दोन प्रकारची माणसे आढळतात. काहींनी आकाशाकडे न पाहता निकाल दिला आणि त्याचे ओझे आपण चारशे वर्षे वाहत आहोत. काहींनी, क्लाव्हियस यांच्याप्रमाणे, आधी शंका घेतली, मग पाहिले आणि मग जे दिसले ते सांगितले. दोन्ही आपलेच पूर्वज होत. कोणाचा वारसा पुढे चालवायचा, याची निवड मात्र आपल्या हाती आहे. ती निवड दुर्बिणीपुरती मर्यादित नाही. गावातील एखादी कंडी, शेजाऱ्याविषयीचा एखादा ग्रह, अन्य धर्मीयांविषयी ऐकलेली एखादी गोष्ट, या सर्वांच्या बाबतीत आधी जाऊन पाहावे आणि मगच बोलावे. विश्वनिर्मात्याने आपल्याला डोळे दिले आहेत ते याचसाठी.

येत्या नाताळात मुलांसाठी काही घ्यायचे असेल, तर चार घरांनी मिळून एक छोटी दुर्बीण घ्यावी आणि ती कपाटात न ठेवता अंगणात ठेवावी, अशी आमची विनंती आहे.